चेहऱ्यातला धातू: साडेचारशे वर्षांचा हिशोब



पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यात ताकाची कढी ठेवली, तर काय होतं हे आपल्याला पुस्तकात वाचावं लागत नाही. कढी कळकते. आंबट ताक पितळेतलं तांबं खातं, ते तांबं कढीत उतरतं आणि खाणाऱ्याला बाधतं. म्हणून तर आपल्या आज्या कल्हईवाल्याची हाक ऐकली की माळ्यावरची भांडी खाली काढायच्या. भांडं दिसायला तेच असतं, उडालेला असतो तो वरचा पातळसा थर. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. फरक एवढाच, की हा धातू स्वयंपाकघरातला नाही, माणसाच्या चेहऱ्यातला आहे.

अपघात झाला, मार बसला, किंवा कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये हाड काढावं लागलं, की जबडा, गालफड, डोळ्याखालचं हाड जोडायला डॉक्टर धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू वापरतात. आपण बोलताना म्हणतो, 'तिच्या जबड्यात प्लेट टाकली.' आमच्या गटांमध्ये अशी प्लेट घेऊन रोजची कामं करणाऱ्या बायका आहेत. कुणी दुचाकीवरून पडलेली, कुणी घरातच मार खाल्लेली. बैठक संपली, चहा आला की त्या हळूच विचारतात: ताई, हे आत गंजत तर नसेल? झिजेल का? कधी काढावं लागेल?

हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. तो फार जुना आहे आणि त्याचं उत्तर शोधता शोधता माणसाची साडेचारशे वर्षं गेली आहेत. आम्ही वाचून, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, तो इतिहास आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट युरोपातली. डेन्मार्कचा टायको ब्राहे हा मोठा खगोलशास्त्रज्ञ. दुर्बीण यायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी ग्रहताऱ्यांच्या जागा मोजणारा. १५६६ च्या डिसेंबरात, जेमतेम वीस वर्षांचा असताना, जर्मनीतल्या रोस्टॉक गावी एका दूरच्या नातेवाइकाशी त्याची तलवारीची झुंज झाली. त्यात त्याच्या नाकाचा भाग उडाला. पुढे आयुष्यभर तो धातूचं नाक लावून वावरला. ते चिकटवायला मलमाची डबी जवळ ठेवायचा. लोकांमध्ये बोलवा अशी, की नाक सोन्या-चांदीचं आहे.

१६०१ मध्ये तो प्राग शहरात वारला. तीनशे वर्षांनी, १९०१ मध्ये, त्याची कबर उघडली तेव्हा कवटीवर नाकाच्या जागेभोवती हिरवट डाग दिसले. सोनं काही हिरवा डाग सोडत नाही. २०१० मध्ये कबर पुन्हा उघडली, नाकाजवळच्या हाडाचा कण तपासला आणि २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की त्यात तांबं आणि जस्त सापडलं. तांबं आणि जस्त म्हणजे आपलं पितळ. मिरवायला सोन्याचं वेगळं नाक असेलही, पण हाडावर खूण राहिली ती पितळेची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत.

यात समजून घ्यायची गोष्ट ही, की ते नाक शरीरात बसवलेलं नव्हतं. वरून चिकटवलेलं होतं. तरी घाम, मलम, ओल यांनी पितळ हळूहळू सुटत गेलं आणि त्याचा हिरवा कळंक हाडापर्यंत पोचला. धातू माणसाच्या अंगाला नुसता लागून राहिला तरी स्वस्थ बसत नाही, याचा हा जुना पुरावा.

टायकोच्या नंतर सव्वादोनशे वर्षांनी नाकाचीच एक गोष्ट आपल्या पुण्याजवळ घडली, आणि तिच्यात धातू नाही. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यातल्या १७९२ च्या लढाईत कंपनीच्या फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा माणूस टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या आकाराची करून जागेवर बसवून पाहिली. मग ती सपाट करून कपाळावर ठेवली, कडेने रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांमध्ये एक चिंचोळा पट्टा जोडलेलाच ठेवला म्हणजे रक्त चालू राहील. ती कातडी वळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. असं ऑपरेशन इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये चित्रासकट त्याची हकिगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तसंच ऑपरेशन केलं. त्याआधी कितीतरी शतकं सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत लिहिलेली होतीच.

आपल्याकडे नाक कापणं ही शिक्षा होती आणि ती बायकांच्या वाट्यालाही आली, हे विसरता येत नाही. या कारागिरांचं काम म्हणजे कातडीबरोबर अब्रूही परत जोडून देणं होतं. आणि त्या नाकाला गंज नव्हता, कारण ते स्वतःच्याच अंगाचं होतं.

मग धातू लागलाच कशाला? कारण कातडीने नाक होतं, जबडा होत नाही. जबड्याला भाकरी चावायची असते. मोडलेल्या हाडाची दोन टोकं हलू न देता धरून ठेवायची, तर काहीतरी टणक हवं.

कोणता धातू अंगाला चालतो, हे पद्धतशीर तपासायला सुरुवात केली अमेरिकेतल्या अलाबामाच्या हेन्री लेव्हर्ट या डॉक्टरने. १८२९ मध्ये त्याने कुत्र्यांच्या अंगात सोनं, चांदी, शिसं आणि प्लॅटिनम यांच्या तारा घालून पाहिल्या. सगळ्यात कमी त्रास प्लॅटिनमने दिला. पण सोनं, प्लॅटिनम महाग आणि मऊ. चावण्याचा जोर त्यांच्याने पेलत नाही. म्हणून डॉक्टर वळले पोलादाकडे.

१८९० च्या दशकात लंडनच्या विल्यम आर्बथनॉट लेन या सर्जनने मोडलेल्या हाडांवर पोलादी पट्ट्या स्क्रूने बसवायला सुरुवात केली. स्वच्छतेबद्दल तो अतिशय कडक. जखमेला बोटसुद्धा लागू द्यायचा नाही. तरीही काही काळाने पट्ट्या गंजायच्या, स्क्रू ढिले व्हायचे, भोवतीचं हाड खाल्लं जायचं. हात स्वच्छ, अवजारं स्वच्छ आणि तरी जखम चिघळते, म्हणजे दोष धातूतही आहे, हे हळूहळू उमगू लागलं.

याहून ठळक अनुभव बेल्जियमच्या अल्बेन लॅम्बोटचा. १९०७ मध्ये त्याने पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती ठोकायला वापरले सोन्याचा मुलामा दिलेले पोलादी खिळे. आठच दिवसांत पट्टी विरघळून गेली आणि कातडीखाली गॅस साठून फुगारा आला. हे पायात झालं, चेहऱ्यात नाही, पण यातलं गणित चेहऱ्यालाही तेच लागू आहे.

ते गणित काय? आपलं शरीर आतून खारट आहे. रक्त खारट, अश्रू खारट, घाम खारट. कोकणातल्या मैत्रिणींना विचारा, समुद्राकाठच्या घराचं लोखंडी फाटक किती वर्षं टिकतं. शरीरातही तसंच खारं पाणी, त्यात ऊब, त्यात प्राणवायू. लोखंडाला गंजायला आणखी काय हवं? दुसरी गोष्ट, दोन वेगळे धातू एकमेकांना लागून खाऱ्या ओलीत ठेवले की त्यांच्यात बारीकसा विजेचा प्रवाह सुरू होतो आणि त्यातला एक झपाट्याने खाल्ला जातो. घरात लोखंडी पाइपाला पितळी नळ बसवला की जोडाशीच आधी पाइप सडतो, तो याच कारणाने. लॅम्बोटच्या पट्टीचं तेच झालं.

१९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली हा बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता. त्याला सापडलं न गंजणारं पोलाद, म्हणजे आज आपल्या मांडणीवर बसलेलं स्टील. त्यात क्रोमियम मिसळलेलं असतं. हे क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून वरती एक डोळ्यांना न दिसणारा थर धरतं. म्हणजे ही कल्हईच, पण आपली आपण लागणारी. ओरखडा पडला तरी परत धरते. पुढच्या काळात हेच स्टील ऑपरेशनच्या खोलीत शिरलं.

त्याआधी पहिलं महायुद्ध आलं. खंदकांतून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांनी फाटले. इंग्लंडमध्ये सिडकप इथे १९१७ पासून हॅरॉल्ड गिलीस या सर्जनच्या देखरेखीखाली पाच हजारांहून जास्त सैनिकांवर चेहऱ्याची ऑपरेशनं झाली. तरी ज्यांचं ऑपरेशनने भागलं नाही असे खूप होते. त्यांच्यासाठी ॲना कोलमन लॅड ही अमेरिकन शिल्पकार बाई पॅरिसमध्ये आली आणि रेडक्रॉसच्या मदतीने तिने मुखवट्यांचा कारखाना उघडला. ती आधी सैनिकाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायची, जखम होण्यापूर्वीचे फोटो बघायची आणि तांब्याच्या अगदी पातळ पत्र्याचा मुखवटा घडवायची. त्यावर त्या माणसाच्या कातडीच्या रंगाचं इनॅमल. मुखवटा चष्म्याच्या काड्यांनी कानावर अडकायचा. ज्यांना घराबाहेर पडवत नव्हतं, ते मुखवटा लावून रस्त्यावर चालू लागले.

पण रंगाचे टवके उडायचे, पत्र्याला पोचे पडायचे. एका सैनिकाचा मुखवटा पार ठेचकाळून विद्रूप झाला होता, तरी तो रोज लावायचाच, अशी नोंद लॅडबाईंनी ठेवली आहे. आणखी एक गोष्ट. माणूस वयाने वाढतो, सुरकुततो, मुखवटा आहे तसाच राहतो. काही वर्षांतच ते मुखवटे कामातून गेले. आज त्यातले फार थोडे उरले आहेत.

युद्धानंतर संशोधन पुन्हा धातूच्या स्वभावाकडे वळलं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या व्हेनेबल आणि स्टक या डॉक्टरांनी एका सहकाऱ्याबरोबर प्रयोग करून दाखवून दिलं, की हाडात वेगवेगळ्या धातूंचे स्क्रू घातले तर त्यांच्यात वीज खेळते आणि भोवतीचं हाड खाल्लं जातं. त्यांना सगळ्यात शांत वाटला तो व्हायटॅलियम, म्हणजे कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचा मिश्रधातू. तो मुळात दातांच्या कवळ्यांसाठी वापरात आलेला. एकाच हाडावर पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्याचा, असं शक्यतो करू नये, ही खबरदारी डॉक्टर आजही पाळतात. तिच्यामागे हा अभ्यास आहे.

तोपर्यंत जबडा मोडलेल्या माणसाचं काय व्हायचं? वरचे आणि खालचे दात तारेने एकत्र बांधून टाकायचे. महिना-दीड महिना तोंड बंद. नळीने पेज, दूध, सार. अशा माणसाची शुश्रूषा कोण करायचं, हे आपल्याला सांगायला नको. घरातल्या बाईचाच जबडा मोडला तर तिला पेज करून कोण घालणार, हाही प्रश्न होताच. १९६८ मध्ये जर्मनीच्या हान्स लूर यांनी खालच्या जबड्यासाठी व्हायटॅलियमची पट्टी वापरली. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये मिशेले आणि त्यांच्यामागून स्ट्रासबुर्गचे मॅक्सिम शांपी यांनी अगदी लहान पट्ट्या तोंडाच्या आतून बसवण्याची रीत पक्की केली. बाहेर चेहऱ्यावर व्रण नाही, आणि तोंड लवकर उघडता येतं. चेहऱ्यातल्या धातूने माणसांवर केलेले हे उपकार आधी मान्य करायला हवेत. प्लेटला घाबरून ऑपरेशन टाळायचं, असं आम्ही मुळीच सांगत नाही.

मात्र चेहऱ्यात बसलेल्या धातूची कसोटीही मोठी. जबड्याची पट्टी हाडाच्या वळणाप्रमाणे बसावी म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर ती पकडीने वाकवतात. वाकवताना वरच्या थरावर ओरखडे येतात. मग माणूस दिवसातून हजारदा जबडा हलवतो. बोलतो, चावतो, जांभई देतो. प्रत्येक वेळी स्क्रूचं डोकं पट्टीच्या भोकात केसाच्या अंशाएवढं घासतं. घासलं की वरचा थर निघतो, परत धरतो, परत निघतो, आणि दर वेळी धातूचे सूक्ष्म कण सुटतात. स्क्रूच्या डोक्याखालच्या फटीत प्राणवायू पोचत नाही, तिथे थर धरतच नाही. कुकरच्या मुठीचा स्क्रू काढून बघा, सगळा गंज आणि मळ त्याच्या बुडाशी असतो. झीज आणि गंज या दोन बहिणी. एक दार उघडते, दुसरी आत येते.

स्टीलचा आणखी एक मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा आहे. ऑपरेशनच्या स्टीलमध्ये शंभरात तेरा-चौदा भाग निकेल असतं. खोटे कानातले घातले की कान चिघळतात, पाणी येतं, खाज सुटते, हा अनुभव आपल्यातल्या कितीतरी जणींना आहे. त्याचं मोठं कारण निकेलच. कान टोचायची रीत असल्याने निकेलची ॲलर्जी पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते. म्हणून प्लेट बसवण्याआधी डॉक्टरांना हे सांगणं म्हणजे बायकी तक्रार नव्हे, ती कामाची माहिती आहे.

या सगळ्यावर आज सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे टायटॅनियम. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यातल्या इल्मेनाइट या खनिजात हा धातू असतो. १९४० मध्ये बोथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या हाडात टायटॅनियम घालून पाहिलं, तेव्हा हाडाने ते चांगलं सोसलं. पुढे स्वीडनचे डॉक्टर पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमाराला सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसलेलं. त्यातून त्यांना मार्ग सापडला. १९६५ मध्ये गॉस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि त्यावर दात लावले. लार्सनच्या जबड्याची ठेवण जन्मापासून बिघडलेली होती. २००६ मध्ये तो वारला तोपर्यंत, चाळीस वर्षं, ते स्क्रू कामात होते.

टायटॅनियमचं बळ पुन्हा त्याच्या वरच्या थरात आहे. हवा लागताक्षणी त्याच्यावर थर धरतो, आणि तो माणसाच्या केसाच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी पांढरी पूड घालतात, तिचीच ही जात.

पण टायटॅनियमसुद्धा अगदी निश्चल नाही. बसवलेल्या पट्ट्या काही कारणाने परत काढल्या, तेव्हा काही रुग्णांत भोवतीचं मांस करडं-काळं पडलेलं दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात धातूचे कण सापडले. गळ्याजवळच्या गाठींपर्यंतही ते पोचलेले आढळले. बहुतेकांना याचा काही त्रास होत नाही. म्हणून त्रास नसेल तर पट्टी आत राहू द्यावी, असं बरेच डॉक्टर म्हणतात. काहींच्या मते काम झालं की काढून टाकलेली बरी. लहान मुलांचं हाड वाढत असतं, म्हणून त्यांच्यात ती पुष्कळदा काढतात. काही मुलांसाठी कालांतराने विरघळणाऱ्या पट्ट्याही १९९० च्या दशकापासून वापरात आल्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती अमेरिकेतली आहे, आणि तिच्यात धातू नाही, टेफ्लॉन आहे. आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच. कानापुढे जबड्याचा सांधा असतो. तो दुखणारे रुग्ण बहुतांशी बायका असतात. १९८० च्या दशकात ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीची टेफ्लॉन लावलेली पट्टी हजारो रुग्णांच्या सांध्यात बसवली गेली. चावण्याच्या जोराने टेफ्लॉन झिजलं, त्याचे कण सुटले, ते कण नाहीसे करायला शरीराने धाव घेतली आणि त्या झटापटीत सांध्याचं हाडच खाल्लं गेलं. काहींचं हाड कवटीच्या तळापर्यंत झिजलं. दुखतंय म्हणणाऱ्या बायकांना, मनाचे खेळ आहेत, असं ऐकून घ्यावं लागलं.

मग या बायका एकत्र आल्या. त्यांच्यातल्या टेरी काउली यांनी दुसऱ्या एका रुग्ण मैत्रिणीबरोबर १९८६ मध्ये संघटना उभारली. १९९० च्या शेवटी तिथल्या सरकारी औषध-खात्याने धोक्याची सूचना काढली, १९९१ मध्ये त्या पट्ट्या परत घ्यायला लावल्या. १९९२ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढे याची सुनावणी झाली. पण खरा पेच पुढेच होता. ज्यांच्या चेहऱ्यात ही वस्तू आहे, त्या बायका आहेत कुठे? कुणाला कोणती पट्टी बसली, याची एकत्र नोंदच नव्हती. रुग्णांना शोधायला वेगळी यंत्रणा लावावी लागली. १९९० मध्येच अमेरिकेत नवा कायदा झाला. शरीरात कायम राहणाऱ्या काही वस्तूंचा माग ठेवणं आणि इजा झाली तर रुग्णालयांनी कळवणं त्यात सक्तीचं झालं.

मैत्रिणींनो, या साऱ्या इतिहासात आम्हाला एक धागा दिसतो. टायकोचं पितळ कळलं, कारण कुणीतरी हिरवा डाग पाहून लिहून ठेवला. लॅम्बोटची पट्टी आठ दिवसांत विरघळली, हे त्याने लपवलं नाही. लॅडबाईंनी ठेचकाळलेल्या मुखवट्याचीही नोंद केली. धातू सुधारला तो हुशार माणसांमुळे, तसाच या नोंदींमुळे. आणि जिथे नोंद नव्हती, तिथे हजारो बायकांचे जबडे गेले.

आपल्याकडे काय आहे? २०१५ मध्ये भारतात वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. वैद्यकीय उपकरणांचे वेगळे नियम २०१७ मध्ये झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कितीतरी जणांचे वरचे जबडे काढावे लागले. त्यांच्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यात पुढे टायटॅनियम बसलं. म्हणजे हा विषय आता दूरच्या देशाचा राहिलेला नाही.

आमच्या एका गटातल्या बाईचा जबडा अपघातात मोडला होता. एका मोठ्या दवाखान्यात प्लेट बसली. ती बरी झाली, कामाला लागली. चार वर्षांनी त्याच जागी सूज आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, प्लेट कोणत्या धातूची? डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती: 'जबड्यात प्लेट बसवली.' धातू नाही, कंपनी नाही, स्क्रू किती तेही नाही. जुन्या दवाखान्यात फाइल सापडली नाही. पुन्हा तपासण्या, पुन्हा हेलपाटे, पुन्हा खर्च, आणि तोही गटाच्या कर्जातून. शेवटी ढिला झालेला एक स्क्रू काढला आणि ती बरी झाली. पण दोन मिनिटांत मिळायची माहिती मिळवायला तिचे दोन महिने गेले.

दर महिन्याची वीस रुपयांची बचतसुद्धा आपण वहीत तारखेसह लिहितो. मग अंगात बसवलेल्या वस्तूची नोंद का नको? आम्ही आता गटाच्या वहीबरोबर प्रत्येकीला आरोग्याचं एक पान ठेवायला सांगतो. त्यावर लिहायचं: ऑपरेशनची तारीख, दवाखाना, कोणती बाजू, पट्टीचा धातू, कंपनी आणि तिच्या वेष्टनावरचा नंबर, स्क्रू किती. वेष्टनावर चिकटपट्टी असते. ती कार्डावर लावून द्या, असं डॉक्टरांना म्हणायचं. ऑपरेशनआधी घाबरण्यात माणसाला सुचत नाही, म्हणून बरोबर जाणाऱ्या जाऊबाईंनी, बहिणीने, मुलाने हे विचारायचं. खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात का, हे आपण होऊन सांगायचं. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर हेच पान दाखवायचं. आणि सूज, पू, न थांबणारं दुखणं, कातडीखाली टोचणारा स्क्रू, असं काही जाणवलं तर वर्षं किती झाली याचा विचार न करता डॉक्टरांकडे जायचं. हाडात बसलेला धातू जडीबुटीने विरघळवून देतो म्हणणाऱ्याच्या दारात जायचं नाही.

'आत गंजत तर नसेल?' असं विचारणाऱ्या मैत्रिणींना आमचं सांगणं असं: आजचा धातू पूर्वीपेक्षा खूपच चांगला आहे. बहुतेकींना तो जन्मभर साथ देतो. पण तो तुमच्या अंगात आहे, तेव्हा त्याचं नावगाव तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. येत्या बैठकीला येताना आपापली डिस्चार्ज कार्डं घेऊन या. ज्यांच्यावर धातूचं नाव नसेल, त्यांच्यासाठी दवाखान्याला द्यायचा अर्ज आपण तिथेच मिळून लिहू.